ओठ मिटतात ते चित्र

रश्मी माझी धाकटी बहीण. सात वर्षांची असताना तापात तिचे दोन्ही कान गेले. तोवर ती बोलायला शिकली होती, म्हणून बोलणं राहिलं, फक्त आवाज एकसुरी झाला. समोरच्याचं बोलणं ती ओठांवरून ओळखते आणि जे ओळखता येत नाही ते अंदाजाने भरून काढते.

मिरजगावात माझा लग्नाच्या शूटिंगचा धंदा. कॅमेरा मी धरायचो, कॅसेट जुळवायची रश्मी. दोन व्हीसीआर शेजारी शेजारी ठेवून एकावर चालू, दुसऱ्यावर रेकॉर्ड. कुठे तोडायचं ते ती माणसांच्या तोंडाकडे बघून ठरवायची. त्यामुळे आमच्या कॅसेटमध्ये कुणाचं बोलणं अर्ध्यात कापलं जात नसे. अडचण एकच. कॅसेटवरून कॅसेटवर उतरवताना चित्र दर वेळी फिकं व्हायचं. तिसऱ्या वेळेला नवरीच्या शालूचा रंग तिच्या गालांवर पसरायचा.

नव्व्याण्णव साली आम्ही कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. नगरच्या एका दुकानात गेलो. मालक रंगनाथशेठ. त्यांनी मला खुर्ची दिली, रश्मीला बाकड्यावर बसायला सांगितलं.

"ओहोळसाहेब, बाकीचा कॉम्प्युटर कुठलाही घ्या. खरा प्रश्न आत बसवायच्या व्हिडिओ कार्डाचा. हे बघा."

पडद्यावर खेळातली एक लाल गाडी डोंगरातून सुसाट निघाली. मग नवरा-नवरीची नावं सोन्याच्या अक्षरांत गरगर फिरत आली आणि त्यांच्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. आमच्याकडच्या कुठल्याही लग्नात हे दाखवलं असतं तर मांडवभर माझं नाव झालं असतं.

"आणि ह्याला व्हिडिओ आत घ्यायची सोयही आहे," शेठ म्हणाले. "दुसरं एक कार्ड आहे माझ्याकडे, पण त्यात ही मजा नाही. ते फक्त व्हिडिओ आत घेतं आणि बाहेर सोडतं."

मी जवळजवळ हो म्हणालो होतो. तेवढ्यात रश्मीने पिशवीतून कॅसेट काढली.

"ही लावा," ती म्हणाली.

शेठ माझ्याकडे बघून हसले. "ताईंना काय बघायचंय?"

"तिलाच विचारा," मी म्हणालो. "काम तिचं आहे."

कॅसेटमध्ये आमच्या गावचा छगन एका लग्नात आचाऱ्याशी वाद घालत होता. शेठनी पाच मिनिटांचा तुकडा कॉम्प्युटरवर उतरवला आणि चालू केला. मला तो झकास वाटला. रश्मी पडद्यापाशी वाकून बघत राहिली, परत लावायला सांगितलं, तिसऱ्यांदाही सांगितलं.

"तोंड उडतंय," ती म्हणाली. "'प' दिसत न्हाई, 'म' दिसत न्हाई. ओठ मिटतात ते चित्रच गेलंय."

शेठना कळेना. त्यांच्याकडे कामाला असलेला ज्ञानेश्वर नावाचा इंजिनिअर मागे उभा होता, त्याच्या मात्र लक्षात आलं. टेपवर सेकंदाला पंचवीस चित्रं असतात, तो म्हणाला. ह्या कार्डाचा सगळा जोर खेळांसाठी. टेपवरून घेताना त्याला तेवढी झेपत नाहीत, मधली काही ते गाळतं. एरवी कुणाच्या नजरेला येत नाही.

त्याने दुसरं कार्ड बसवलं. लांबलचक, हिरवं, मागे टेपच्या वायरींना भोकं. तोच तुकडा पुन्हा उतरवला. आवाज बंदच होता.

रश्मी बघता बघता बोलू लागली. "'आमटीत मीठ कमी पडलंय. पाव्हनं पंगतीला बसल्यात, आन् तू बिडी पीत बसलास.'"

ज्ञानेश्वरने आवाज सोडला. छगन शब्दाला शब्द तेच बोलत होता. रंगनाथशेठ उठले आणि स्वतःची खुर्ची त्यांनी रश्मीपुढे सरकवली.

आम्ही ते हिरवं कार्ड घेतलं. त्या लग्नसराईत दोन गिऱ्हाइकं कर्जतला, पाकळ्या उडवणाऱ्या दुसऱ्या शूटिंगवाल्याकडे गेली. मला वाईट वाटलं, रश्मीला वाटलं नसावं. जेवण झालं की ती कॉम्प्युटरपुढे बसायची आणि एकेक चित्र पुढे सरकवत बघायची. व्हीसीआरवर थांबवलेलं चित्र थरथरायचं.

मे महिन्यात गावातल्या गहिनीनाथ आणि गोजरबाई यांच्या मुलीच्या, पूजाच्या लग्नाचं शूटिंग आम्ही केलं. मुलगी दिली होती जामखेडच्या पुढे. पाठवणीची कॅसेट जुळवताना रश्मीने मला हाक मारली. पडद्यावर गोजरबाई पूजाच्या गळ्यात पडून काहीतरी बोलत होत्या. शेजारीच बँड कडाडत होता, कॅसेटवर दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

रश्मीने चित्र मागे नेऊन पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "'न्हाई करमलं तर निघून ये. कुनाला इचारू नको. आपलं दार उघडंच हाय.'"

माझ्या पहिल्यांदा डोक्यात आलं ते धंद्याचं, हे शब्द चित्राखाली लिहून दाखवले तर? मग लाज वाटली. ही कॅसेट पूजाच्या सासरीही जाणार होती. त्या बाईने भर गर्दीत एका कानासाठी बोललेलं आम्ही चोरून वाचलं होतं.

"त्यांना सांगायला पायजे," रश्मी म्हणाली.

गोजरबाई आल्या. रश्मीने त्यांना चित्र दाखवलं आणि त्यांचेच शब्द त्यांना ऐकवले. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"लिवू नको गं बाई कुटं."

"न्हाई लिवत."

मग त्यांनी विचारलं, "पन तिनं ऐकलं का? लई कालवा हुता."

रश्मीने पूजाचा चेहरा मोठा केला, मागेपुढे करून चार वेळा बघितला. मान खाली, डोळे मिटलेले, हुंदका. आईच्या ओठांकडे तिचं लक्षच नव्हतं.

"मला न्हाई सांगता येत," ती म्हणाली. "ती बघत न्हवती. बँड किती मोठा हुता ते मला ठाऊक न्हाई."

गोजरबाई माझ्याकडे वळल्या. "त्या गर्दीत मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्या जामखेडकडे गेल्याचं गहिनीनाथांनी सांगितलं. लग्नाला अजून पंधरा दिवसही झाले नव्हते. एवढ्यात का गेली म्हणून ते चिडले होते.

चार दिवसांनी त्या कॅसेट न्यायला आल्या. मी पुढे झालो, पण त्या मला ओलांडून आत गेल्या आणि रश्मीच्या समोर बसल्या.

"ऐकलं न्हवतं तिनं," त्या तिच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाल्या. "तिला वाटलं, समद्यांसारखं मी बी 'नीट ऱ्हा' म्हनले."

"मग?" रश्मीने विचारलं.

"भाकरी करत हुती, तितंच सांगितलं समदं. तवा खाली उतरवला आन् माज्यापाशी येऊन बसली."