‘पुसू नका’ लिहिलेला फळा

मित्रांनो, अंबरनाथच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीच्या भिंतीवर टांगलेला मी जुना पांढरा फळा. अंग पिवळं पडलंय, एक खिळा सैल झालाय. खरं सांगू, आता दमलोय.

कोरा होतो तेव्हा नूतन मॅडमनी माझ्यावर एक आराखडा काढला. शाळेच्या व्हॅनमधून मूल घराशी उतरलं की आईच्या मोबाइलवर मेसेज जावा, असं ते सॉफ्टवेअर. एक चौकोन व्हॅनचा, एक आईचा. मधला चौकोन व्हॅनमधल्या मावशींचा. त्यांनी हात धरून मूल उतरवायचं, बटण दाबायचं, मगच मेसेज. कोपऱ्यात मॅडमनी लाल शाईने लिहिलं, ‘पुसू नका’, आणि त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या.

तेव्हा माझी काय ऐट! पाहुणे आले की आधी मला दाखवत. पुढे मॅडमच्या जागी काम बघणाऱ्या कल्पेशने लॅपटॉपवरच्या आराखड्यात फेरफार केले. मी होतो तसाच राहिलो. माझ्या खिळ्याला डब्याच्या पिशव्या लटकू लागल्या.

मॅडम कामावर परतल्या. मला वाचून त्यांनी शाळेला सांगितलं, “मेसेज आला म्हणजे मूल उतरलंच. निर्धास्त राहा.”

एका दुपारी हेंद्रेपाड्यातल्या बकुळाताईंना मेसेज आला, ‘उन्नती उतरली’. त्या धावत खाली आल्या, तर फाटकाशी कुणीच नाही. पोर मागच्या सीटवर झोपून गेली होती. शोधाशोध झाली तेव्हा बदलापूर गावात उभ्या केलेल्या बंद व्हॅनमध्ये सापडली, दप्तर उराशी धरून, घामाने निथळत. सुखरूप होती, एवढंच नशीब.

मॅडम माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“कल्पेश, मावशींचं बटण कुठे गेलं?”

“काढलं ना मॅडम. मावशी दाबायला विसरायच्या, मग पालकांची किटकिट. आता गाडी स्टॉपला लागली की मेसेज आपोआप जातो.”

“मग फळ्यावर का नाही बदललंस?”

“तुम्हीच लिहिलंय ना, पुसू नका.”

ओढणीचं टोक ओलं करून मॅडम लाल अक्षरं घासत राहिल्या. वाळलेली शाई, लवकर जाते थोडीच.

कल्पेशने बटण परत बसवलं. आता लॅपटॉपवर काही हललं की त्याच दिवशी तो माझ्याकडे येतो, पुसतो, नव्याने काढतो. अंगावर ओरखडे उठलेत. उठू देत.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर पुसत जा. माझ्यावर विसंबून कुणाची तरी आई घरात बसलेली असते.