तीन मिनिटांची बारा घड्याळं

वाळूच्या घड्याळाची मान, म्हणजे काचेच्या दोन फुग्यांना जोडणारी अरुंद जागा, जेमतेम मिलिमीटरभर रुंद असते. त्या मानेत वाळूच्या चार-पाच कणांनी एकमेकांना टेकून कमान धरली होती. वरची सगळी वाळू त्या कमानीवर खोळंबली होती. फुंकरबाईंनी घड्याळावर टिचकी मारली नाही. टिचकी मारली की वाळू सुटते, पण दोष तिथेच राहतो आणि दुसऱ्याच्या घरी गेल्यावर डोकं वर काढतो. त्यांनी भिंगातून कमान नीट पाहिली, मनाशी ‘मान बारीक झाली’ म्हणाल्या आणि ते घड्याळ मोडीच्या पेटीत टाकलं.

“काकू, ती शिक्षिका परत आलीय,” खिडकीपाशी मोबाइल घेऊन बसलेली पुतणी म्हणाली.

“इथे?”

“इथे कशाला येईल! मेसेज आलाय. तिसरा.”

बाईंचं ऑनलाइन दुकान पुतणी सांभाळायची. फोटो काढणं, चौकशीला उत्तरं देणं, पत्ते उतरवून घेणं तिच्याकडे. काच आणि वाळू बाईंकडे. देशातल्या देशात महिन्याला चाळीस-पन्नास घड्याळं जात. बाहेरून कुणी विचारलं की पुतणी एक तयार वाक्य धाडून द्यायची: क्षमस्व, आम्ही परदेशात पाठवत नाही.

“नेहमीचं पाठवू ना?” तिने विचारलं.

“विचारतेस काय? दे ठोकून,” आतल्या खोलीतून काकांचा आवाज आला.

“आधी वाच तरी, काय म्हणते ती,” बाई म्हणाल्या.

पुतणीने वाचून दाखवलं. ती शिक्षिका दूरच्या एका देशात अडखळत बोलणाऱ्या मुलांचा वर्ग घेत होती. वर्गात बारा मुलं. प्रत्येकाने रोज तीन मिनिटं बोलायचं आणि तेवढ्या वेळात कुणी मध्ये तोंड घालायचं नाही, असा नियम. गजर वाजणारं घड्याळ ठेवलं तर मुलं गजराच्या धास्तीनेच गप्प होतात. बाजारातली प्लास्टिकची वाळूघड्याळं आणली, तर कुणाला अडीच मिनिटं मिळतात आणि कुणाला साडेतीन. ज्याच्या वाट्याला अडीच येतात तो बोलायचंच सोडतो. ‘तुमची सगळी घड्याळं सारखी चालतात असं वाचलं. बारा हवी आहेत. तुम्ही दोनदा नाही म्हणालात हे माहीत आहे. तरी विचारते आहे.’

“चिवट आहे,” पुतणी म्हणाली.

“हो ना,” बाई म्हणाल्या. “आज काही उत्तर देऊ नकोस.”

फुंकरबाई हे नाव कॉलेजच्या मुलांनी ठेवलेलं. रसायनशास्त्राच्या विभागात सव्वीस वर्षं त्यांनी काच फुंकली. चंचुपात्राची चोच मोडली, नळीला तडा गेला, की पोरं बोटं चिरून घेत त्यांच्या खोलीत यायची आणि बाई ज्योत पेटवून पाच मिनिटांत वस्तू जोडून द्यायच्या. निवृत्तीनंतर त्यांनी ती ज्योत घराच्या मागच्या पडवीत आणली. गालांतली हवा अजून शाबूत होती, हात कापत नव्हता, मग बसून काय करायचं?

परदेशी पार्सल त्यांनी एकदाच पाठवलं होतं, पाच वर्षांपूर्वी. फॉर्मवर ‘वस्तूचं वर्णन’ असा रकाना होता. प्रयोगशाळेत अर्धवट लेबलाची बाटली दिसली की बाई ती ओतून टाकायला लावत. त्या शिस्तीला जागून त्यांनी रकान्यात लिहिलं: काचेचं घड्याळ, आत नदीतली वाळू, सात वेळा धुतलेली. तिकडच्या कस्टमच्या माणसाने ‘नदीतली वाळू’ एवढंच वाचलं असावं. वाळूतून बी जातं, कीड जाते. बाहेरची माती देशात घ्यायची नाही असा त्यांचा कायदा. अकरा आठवड्यांनी पत्र आलं की वस्तू नष्ट केली. त्यांचं चुकलं असं बाईंना तेव्हाही वाटलं नाही. त्या जागी त्या स्वतः असत्या तर त्यांनीही तेच केलं असतं. ज्याने घड्याळ मागवलं होतं त्याला पैसे परत केले, पण त्याने दुकानाच्या पानावर लिहून ठेवलं होतं: ठग आहेत. ते त्याने कधीच पुसलं नाही. दुखऱ्या दाताकडे जीभ जाते, तशा बाई महिन्यातून एकदा तरी ते पान उघडून बघत.

काका विमा कंपनीत दावे तपासायचे. आयुष्यभर त्यांच्या टेबलावर आली ती फुटलेली, भिजलेली, चेपलेली वस्तूच. धडपणे पोचलेल्या वस्तूचा कागद त्यांच्याकडे यायचं कारणच नव्हतं. त्यामुळे जगात काही सुखरूप पोचतं यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

“काच,” संध्याकाळी चहा पिताना त्यांनी सुरुवात केली. “त्यात लांबचा प्रवास. चार ठिकाणी चार माणसं खोकं फेकणार. फुटलं तर कुठे फुटलं ते कुणी सांगणार नाही. भाडं वस्तूपेक्षा जास्त. तिकडे कर किती लावतील त्याचा पत्ता नाही. आणि परत पाठवायचं म्हणाली तर? अगं, मोठमोठे दुकानदार या फंदात पडत नाहीत.”

“झालं?”

“झालं कसलं! कागद चुकला तर...”

“कागद चुकला नव्हता. कागद बरोबर होता. वस्तू चुकली होती,” बाई म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

वाळूच्या जागी काय घालायचं, हा प्रश्न त्या रात्री नव्हे, पाच वर्षांपूर्वीच त्यांच्या डोक्यात येऊन बसला होता. उत्तर पायाशी पडलेलं होतं: मोडीच्या पेटीतली काच. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती खलबत्त्यात कुटली आणि चाळणीने चाळली. पूड दिसायला वाळूसारखी झाली, पण घड्याळात घातल्यावर एक कण पुढे सरकेना. कुटलेल्या काचेला कोपरे असतात आणि कोपऱ्यात कोपरा अडकतो. नदीने वाळूचे कोपरे हजारो वर्षं घासलेले असतात. बाईंकडे हजार वर्षं नव्हती, पण ज्योत होती.

त्यांनी पूड चिमटीने ज्योतीतून खाली सोडायला सुरुवात केली. वितळलेल्या काचेचा थेंब पडता पडता स्वतःला गोल करून घेतो. त्याला शिकवावं लागत नाही. खालच्या स्टीलच्या पातेल्यात पडेपर्यंत तो गार होऊन मणी झालेला असे. निम्मी पूड एकमेकींना चिकटून वाया जायची. उरलेली भिंगाखाली पाहिली की खसखशीपेक्षा बारीक, चकचकीत मणी दिसत.

“हे काय, काच भाजतेस आता?” काकांनी दारातून विचारलं.

“गोल करतेय.”

“वाळू गोलच होती की.”

“वाळू नदीची होती. ही माझी आहे. हिच्यात कुठलं बी नाही, किडा नाही. अठराशे अंशांच्या ज्योतीतून गेलेली आहे. काचेत काच. आता कुठल्या कायद्याने नष्ट करता ते सांगा म्हणावं.”

जाताना काकांनी पातेल्यात बोट बुडवून मणी चिमटीत चोळून पाहिले.

बारा घड्याळं व्हायला सव्वा महिना लागला. एकूण एकवीस केली. त्यातली नऊ बाईंनी मोडीत काढली. उरलेल्या बारांतलं प्रत्येक घड्याळ त्यांनी दहा-दहा वेळा उलटं करून वेळ मोजली. सगळ्यांत जलद आणि सगळ्यांत सावकाश यांच्यात दीड सेकंदाचा फरक होता.

“दीड सेकंद,” पुतणी म्हणाली. “काकू, एवढ्याने कुणाचा शब्दही राहायचा नाही.”

“अडखळणाऱ्याचा राहतो,” बाई म्हणाल्या. त्यांनी तेरावं केलं, सगळ्यांत जलद होतं ते काढून टाकलं आणि मगच शिक्षिकेला उत्तर लिहायला सांगितलं. उत्तर फक्त इतकंच होतं: घड्याळं तयार आहेत. पाठवता येतील का, ते बघते आहे.

मग एका दुपारी घरात धाडकन आवाज झाला. काका वर्तमानपत्र टाकून जिन्याकडे धावले.

“काय पडलं?”

“पडलं नाही. मी पाडलं.”

जिन्याच्या तळाशी एक खोकं आडवं पडलं होतं आणि वरच्या पायरीवर बाई उभ्या होत्या. खोक्यात मोडीतली तीन घड्याळं होती. काकांनी खोकं उचललं, कानाशी धरून हलवलं, आणि कुणी न सांगता खाली फरशीवर मांडी घालून ते उघडायला बसले. इतक्या वर्षांची सवय.

“एक गेलं,” ते म्हणाले. “हे बघ. खोकं पडलं म्हणून वस्तू फुटत नाही. वस्तू आतल्या आत हलली की फुटते. तू मध्ये ढीगभर भरलंयस आणि कोपरा मोकळा सोडलायस. सगळी गाडी त्या कोपऱ्यात जाऊन आदळली. खोक्यात खोकं घाल. मधल्या जागेत गच्च भर. बोट शिरता कामा नये.”

“मग भरून दाखवा ना.”

फुटलेल्याच्या जागी मोडीतलं दुसरं घेऊन त्यांनी भरून दाखवलं. ते खोकं बाईंनी जिन्यावरून टाकलं, मग पहिल्या मजल्याच्या गच्चीतून अंगणात टाकलं. शेजारीण कुंपणावरून बघत राहिली. तिसऱ्यांदा काकांनी स्वतः टाकलं, जरा जास्तच जोर लावून. उघडलं तर तिन्ही धड.

“मी काही हो म्हणालेलो नाही हं,” काका खोकं बंद करत म्हणाले.

“मी विचारलेलंच नाहीये.”

ते हसले नाहीत. चिकटपट्टीचं टोक नखाने शोधत खाली मान घालून म्हणाले, “तुला पुन्हा कुणी तसलं काही म्हटलं तर मला बघवायचं नाही. मागच्या वेळी तू पंधरा दिवस ज्योत पेटवली नव्हतीस.”

“सोळा,” बाई म्हणाल्या. “पण एका माणसाने रागात लिहिलेल्या दोन शब्दांना मी पाच वर्षं घरभाडं न घेता राहू दिलंय. आता उठवते त्यांना.”

कुरिअरच्या ऑफिसात तीन माणसं पुढे होती. बाईंनी खोकं पोटाशी धरलं होतं. याआधी त्या तीनदा इथवर येऊन, वजन करून, दर विचारून परत गेल्या होत्या, त्यामुळे काउंटरवरच्या माणसाने त्यांना पाहताच काटा पुढे ओढला.

“या काकू. आज पण नुसतं वजनच?”

“फॉर्म द्या.”

त्याच्या भुवया वर गेल्या. फॉर्म त्याने स्वतःकडेच ठेवला. “मी भरतो, तुम्ही सही करा. वर्णन... भेटवस्तू लिहितो. शोभेची. किंमतही थोडी खाली घेऊ. सगळे तसंच करतात, पटकन सुटतं.”

“शोभेची नाहीये ती. आणि भेटही नाही, विकलीय मी.”

“अहो, मला माहितीये. कागदापुरतं.”

“कागदापुरतंच तर विचारतायत ते. लिहा: काचेची घड्याळं, बारा. आत काचेचे मणी. किंमत जी आहे ती.”

“वाळू नाही असं लिहू का पुढे? म्हणजे शंका नको.”

“जे त्यात नाही ते कशाला लिहायचं?”

मागे रांगेतल्या एकाने मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उसासा टाकला. काउंटरवरचा माणूस लिहीत गेला आणि फॉर्मच्या तळाशी येऊन थांबला.

“आता हे शेवटचं. पोचलं नाही, किंवा तिकडे अडकलं, तर काय करायचं? दोनच रकाने आहेत. परत पाठवा, नाहीतर नष्ट करा.”

बाईंना तो रकाना ओळखीचा होता. मागच्या वेळी परत येण्याचं भाडं ऐकून त्यांनीच ‘नष्ट करा’वर खूण केली होती. तेव्हा त्या रकान्याची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा सगळे कस्टमला नावं ठेवत होते आणि बाई गप्प होत्या, कारण परवानगीखाली सही त्यांचीच होती. हे त्यांनी काकांनाही कधी सांगितलं नव्हतं. त्या सोळा दिवसांचं खरं कारण ते होतं. ठग हा शब्द नंतरचा.

“मी सांगतो, नष्टवर करा,” तो माणूस आवाज उतरवून म्हणाला. “बहुतेक सगळे तेच करतात. परतीचं भाडं इथून जायच्या दीडपट पडेल. त्यापेक्षा गेलं तर गेलं.”

“परत पाठवा,” बाई म्हणाल्या.

“काकू, नीट विचार करा. यातलं एक फुटलं, एखादा कागद अडला, तरी अख्खं खोकं तुमच्या दारात. मग काय करणार?”

“का अडलं ते वाचेन. ते दुरुस्त करेन. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खोकं घेऊन तुमच्यासमोर उभी राहीन.”

मागे उसासे टाकणारा माणूस आता कान देऊन ऐकत होता. काउंटरवरच्याने पेन खाली ठेवलं.

“म्हणजे नक्की? एकदा शिक्का मारला की मग मला परत देता येणार नाही. नंतर म्हणाल, थांबा जरा.”

बाईंनी खोकं काट्यावरून उचललं, त्याच्या बाजूला सरकवलं आणि हात मागे घेतला.

“पाठवा,” त्या म्हणाल्या.