दुसऱ्या अल्बमची लिपस्टिक

आमच्या बँडचा पहिला अल्बम गाजला, यात आमचा काही दोष नाही. तो आम्ही वहिनीच्या माहेरच्या गॅरेजमध्ये, गाडी बाहेर उभी करून, उसन्या माइकवर रेकॉर्ड केला होता. बँडचं नाव 'राडा राणी'. ग्लॅम पंक म्हणजे नेमकं काय, हे आईला अजून कळलेलं नाही. पुरुषांनी बायकांसारखं नटून केलेलं भांडण, असं बाबांनी तिला एकदा समजावलं. खरं सांगायचं तर याहून चांगली व्याख्या मी कुठे वाचलेली नाही.

भांडायला दादा पुढे. चमकीचं जाकीट, उंच टाचांचे बूट, डोळ्यांवर निळा रंग आणि ओठांवर वहिनीची लिपस्टिक. वहिनी बास गिटार वाजवते आणि एरवी दातांच्या दवाखान्यात लोकांना 'आ करा' म्हणते. मी मागे, ड्रमवर. मी धाकटी बहीण, घरातही माझी जागा मागेच, त्यामुळे वेगळी सवय करावी लागली नाही. कोरसपुरता एक छोटा माइक माझ्यापुढे लावतात. तो चालू असतो, असं मला सांगण्यात आलेलं आहे.

गाण्याचं म्हणाल तर दादापेक्षा मी बरी गाते. हे मी नाही, आई म्हणते. तेही दादा घरात नसताना.

दुसरा अल्बम एका कंपनीने काढायचं ठरवलं आणि आमच्या नशिबी खरा स्टुडिओ आला. गालिचा, गार हवा, फुकट कॉफी आणि एक निर्माता. त्याला आम्ही कात्री म्हणायचो, कारण काहीही वाजवलं की तो आधी 'हे काढून टाकू या' म्हणायचा. पहिल्या दिवशी दादा सवयीने आरसा घेऊन नटायला बसला. कात्रीने बराच वेळ ते सहन केलं.

"इथे कोण बघणार आहे तुम्हाला?" शेवटी तो म्हणाला.

प्रश्न बिनतोड होता. मग त्याने आम्हाला समोर बसवून समजावलं, की पहिला अल्बम म्हणजे मुखवटा होता, दुसऱ्यात चेहरा दिसला पाहिजे. नावही त्यानेच ठरवलं, 'आतला आवाज'. कव्हरवर आमचे धुतलेले चेहरे. चमकी बंद, रंग बंद, टाचा बंद. ग्लॅम पंकमधलं ग्लॅम असं निघालं. उरलेल्या पंकने शहाण्यासारखी कॉफी प्यायली आणि कप जागेवर ठेवले.

दादा साबणाने तोंड धुऊन काचेपलीकडे गेला. आणि जो आतला आवाज बाहेर आला, तो हुबेहूब आमच्या बाबांचा होता. बाबांनी सगळा जन्म विमा कंपनीच्या खिडकीवर लोकांच्या तक्रारी ऐकण्यात घालवला. आमच्या शीर्षकगीतात 'पेटवून द्या रे सारं' अशी ओळ आहे. दादाने ती अशी म्हटली, की हरकत नसल्यास पेटवावे, अन्यथा उद्या यावे.

"जरा राग आण," कात्री म्हणाला.

"आणलाय."

"दिसत नाहीये."

"इथे कोण बघणार आहे?" दादा म्हणाला. दिवसभरात त्याने जोरात म्हटलेलं तेवढं एकच वाक्य, आणि नेमकं तेव्हा रेकॉर्डिंग बंद होतं.

असेच काही दिवस गेले. दादाला मोठ्याने गायला सांगितलं की आवाज फाटायचा. मागे सरकायला सांगितलं की एका ओळीपुरता मागे राहायचा आणि दुसऱ्या ओळीला परत पुढे येऊन कुजबुजायचा. एका संध्याकाळी कात्रीने मला कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं.

"उद्या शीर्षकगीत तू गा. जमलं तर अख्खा अल्बम तुझ्या आवाजात करू. त्याला मी सांगतो."

मला आनंद झाला. लाज वगैरे नंतर वाटली असेल, आधी आनंदच झाला, चांगला पोटभर. लहानपणापासून मी ज्याच्या पाठीकडे बघत ताल धरला, ती पाठ बाजूला होणार होती.

दुसऱ्या दिवशी मी लवकर पोचले. दादा माझ्याही आधी आला होता. बंद माइकसमोर एकटाच उभा होता. पायात सपाट चप्पल, चेहरा स्वच्छ, भाडं थकल्यासारखे खांदे.

"ठमे," तो म्हणाला, "माझं संपलं गं बहुतेक."

"नाटकं करू नकोस."

"खरंच. आरशात बघितलं की बाबा दिसतात. आणि बाबा कधी ओरडतात का?" मग म्हणाला, "हे ऐक, कुठे चुकतंय सांग."

तो गायला लागला. गाता गाता नेहमीसारखा पुढे सरकला आणि माइकपुढच्या काळ्या जाळीला त्याने जवळजवळ नाक टेकवलं.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. गॅरेजमध्ये तो हातभर लांब उभा असायचा, हनुवटी वर करून. कारण वहिनीने दम दिला होता, की लिपस्टिक माइकला पुसली गेली तर परत मिळणार नाही. समीक्षकांना ज्यात पिढीचा आक्रोश सापडला होता, तो वहिनीचा धाक होता. एवढ्या लांबून ऐकू जायचं म्हणून गडी जीव खाऊन ओरडत होता.

मी गप्प बसले असते तर काम झालं होतं. कात्री यायचाच होता. पण समोरचा माणूस इतका केविलवाणा दिसत होता, की माझं डोकंच फिरलं. जरा माज केला असता, मला एखादा टोमणा मारला असता, तर मी आनंदाने त्याची जागा घेतली असती. तेवढीही अक्कल नाही या माणसाला. आणि माझं त्याच्यावर प्रेम आहे, त्याला मी काय करू?

वहिनी आली तशी मी तिच्या पर्समधून लिपस्टिक काढली.

"ओठ पुढे कर."

"कात्री ओरडेल."

"ओरडू दे. तूही ओरड. आणि ही नवी आहे, महागाची. जाळीला लागली तर तुझं तू आणि तुझी बायको."

दादा आपोआप हातभर मागे सरला. हनुवटी वर गेली. पहिल्याच टेकला काचेपलीकडे बसलेल्या कात्रीच्या हातातली कॉफी हिंदकळली. गाणं संपल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको म्हणून. ते हलवणं फार जड गेलं, हे इथे सांगून टाकते, कारण दुसरीकडे कुठे सांगायची सोय नाही.

अल्बम आला. 'रंगरंगोटी उतरवून ठेवलेला प्रामाणिक स्वर', असं एकाने लिहिलं. कव्हरच्या मागे ड्रमपुढे माझं नाव होतं आणि तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, मेकअपपुढे पुन्हा माझंच. ज्या अल्बमवर सगळ्यांची तोंडं धुतलेली आहेत, त्यावर.

"रियाज लागतो, ठमे," दादा पाहुण्यांसमोर मला म्हणाला. माज परत आला होता. उशिरा आला, पण आला.

अल्बमच्या पहिल्या कार्यक्रमाला, रंगमंचामागे, तो लहान मुलासारखा ओठ पुढे काढून माझ्यासमोर उभा राहिला. त्या दिवशी माझा हात जरा सढळ पडला. एक थर, त्यावर दुसरा, त्यावर चमक.

"जास्त नाही ना होत?"

"लांबच्यांना दिसायला नको?"

वहिनीने वाकून बघितलं. "एवढी? पुसलीस तर याद राख," ती त्याला म्हणाली.

शीर्षकगीत सुरू झालं आणि दादा माइकपासून इतका लांब उभा राहिला, की त्याचं ओरडणं जेमतेम पहिल्या रांगेला कळत होतं. कोरस आला. मी गायले. माझा छोटा माइक चालू होता. ते मी या वेळी स्वतः तपासून घेतलं होतं. माझा आवाज हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि लोक माना उंचावून बघायला लागले.

दादाने वळून पाहिलं. आधी माझ्याकडे, मग माइककडे, मग परत माझ्याकडे. त्याला कळलं होतं. आता एकच पाऊल पुढे टाकायचं, की सगळं त्याच्या हातात.

त्याने पाऊल मागे टाकलं. पुढचं कडवं त्याचं होतं. तो तोंड मिटून माझ्या बाजूला येऊन उभा राहिला, आणि ते मी गायले.

लिपस्टिक महागाची होती, म्हणूनही असेल.