धारेवरचं तांबं

अरविंद निघोजकरांनी चौतीस वर्षं देवासच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली, आणि निवृत्त होऊन महिना झाला नाही तोच त्यांचे हात शिवशिवायला लागले. पेपर वाचून होई, भाजी आणून होई, तरी दिवस उरायचा. मग त्यांनी चाकूचं काम काढलं.

पातं धारहून आणलेलं. शैलाबाईंचं माहेर तिथलं. मार्चमध्ये एका लग्नाला गेले असताना बाजारात एका लोहाराकडे त्यांना ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यातून घडवलेलं ते पातं दिसलं. घरी येऊन त्यांनी त्याला लाकडी मूठ बसवली आणि खिशात मावेल असा घडीचा चाकू केला. पातं स्टेनलेसचं नव्हतं. साधं पोलाद, ओल्या हाताने धरलं तरी संध्याकाळपर्यंत गंजाचा ठिपका दाखवणारं. अशा पात्याला गंजापासून वाचवायचं तर त्याच्यावर दुसरा, सावकाश येणारा राखाडी थर चढू द्यावा लागतो. आंबट काहीतरी कापायचं, पातं थोडा वेळ तसंच राहू द्यायचं, मग धुऊन, कोरडं करून तेलाचं बोट फिरवायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. व्हिनेगरमध्ये बुडवून तासाभरात काळं करता आलं असतं, पण अरविंदना घाई नव्हती.

सहा वर्षांची चिऊ, त्यांची नात, रोज सकाळी गॅलरीत त्यांच्याशेजारी बसे. कैरीने आलेला रंग ढगासारखा, कांद्याने आलेला काळपट, सफरचंदाने आलेला निळसर, हे तिला पाठ झालं होतं. "आजोबा, आज इसको क्या खिलाना है?" ती विचारायची, आणि अरविंद तिला मराठीत बोलायला लावायचे.

मे महिन्याच्या मध्यावर चिऊचं गॅलरीत येणं बंद झालं. तिला उलट्या होत होत्या. पोटात कळ येई, दोन घास खाल्ले की बाहेर. डॉक्टर म्हणाले, ऊन बाधलंय. औषधाने दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. खालच्या मजल्यावरच्या जमुनाबाईंना तर दवाखान्यात ठेवलं होतं. कॉलनीत घरटी एक तरी माणूस पोट धरून बसलेलं. नगरपालिकेच्या नळाला पाणी एक दिवसाआड, तेही अर्धा तास. बाकी सगळा कारभार कॉलनीच्या बोअरवर. शैलाबाई आठवडाभर एकच तक्रार करत होत्या, की ताक कळकल्यासारखं लागतंय. पितळेचं एकही भांडं स्वयंपाकघरात उरलेलं नसताना ताक कळकेल कसं, असं म्हणून अरविंदनी ते हसण्यावारी नेलं होतं.

त्या गुरुवारी त्यांनी पात्याला दगडावर नवी धार लावली, एक कैरी चिरली आणि चाकू धुण्यासाठी पाण्याच्या वाडग्यात टाकला. तेवढ्यात दवाखान्यातून जमुनाबाईंच्या मुलीचा फोन आला. आई ओळखत नाहीये, म्हणाली. अरविंद तसेच निघाले. परत आले तेव्हा दोन वाजून गेले होते.

वाडगा शैलाबाईंनी पाहिला होता. "अहो, कुणाला कापलं?" त्यांनी दारातच विचारलं.

अरविंदनी चाकू उचलला. पात्याच्या राखाडी अंगावर काही नव्हतं. पण सकाळी उघड्या पडलेल्या धारेवर, टोकापासून मुठीपर्यंत, एक बारीक लालसर रेघ होती. त्यांनी ती अंगठ्याने पुसली. पुसली गेली नाही. फडक्याने घासली, तशी ती चमकली. गंज असा चमकत नाही. रक्तही नाही.

हा रंग त्यांनी चौतीस वर्षं पाहिला होता. पोलादावर आखणी करायची तर आधी मोरचुदाच्या पाण्याचा हात फिरवायचा. पोलादावर तांबं चढतं आणि त्यावर सुईने ओढलेली रेघ स्पष्ट उठते. इथे मोरचूद कुणी आणलं नव्हतं. वाडग्यात फक्त नळकोंडाळ्यावरून भरलेलं बोअरचं पाणी होतं.

ते शैलाबाईंना काही बोलले नाहीत. तीन खिळे घासून लख्ख केले आणि तीन पेल्यांत टाकले, एकात नगरपालिकेचं पाणी, एकात बाजारातून आणलेल्या बाटलीतलं, एकात बोअरचं. तिन्हींत लिंबाचे चार थेंब पिळले. चहाच्या वेळेपर्यंत तिसरा खिळा लाल झाला होता.

आणि पाण्यात हे तांबं कुठून आलं असेल, याचा शोध त्यांना घ्यावा लागला नाही, हीच खरी भीतीची गोष्ट होती. कॉलनीच्या भिंतीपलीकडे पत्र्याची शेड होती. तिथे नळाच्या तोट्यांवर मुलामा चढवायचं काम चाले. जानेवारीत तिचं उद्घाटन झालं तेव्हा नारळ अरविंदनीच फोडला होता. टाकीतलं मोरचुदाचं निळंशार पाणी पाहून चिऊने टाळ्या वाजवल्या होत्या. शेड अभिषेकची होती, त्यांच्या मुलाची.

ते चालत गेले. अभिषेक फोनवर होता. अरविंद सरळ मागच्या कोपऱ्यात गेले. वापरून संपलेल्या द्रावणाच्या पिंपातून एक पाइप निघून जमिनीत शिरत होता. जुना बोअर. कॉलनी बांधताना तिथे पाणी लागलं नव्हतं म्हणून कुणीतरी सोडून दिलेला.

अभिषेक मागून आला. त्याने आधी टँकरवाल्याची गोष्ट सांगितली, की वापरलेलं द्रावण न्यायला तो महिन्यातून एकदाच येतो, तोवर ठेवायचं कुठे. मग म्हणाला, "बाबा, तीनशे फूट कोरडा आहे तो. खाली गेलं की संपलं."

"खाली जाऊन कुठे जातं?"

अरविंदनी खिशातून लाल खिळा काढून त्याच्या हातावर ठेवला आणि हा कशातून निघाला ते सांगितलं. अभिषेकचा चेहरा उतरला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "आजपासून बंद. एक थेंब जाणार नाही. पण कॉलनीत कुणाला सांगू नका. बँकेपासून सगळं बुडेल."

अरविंदनी होकारार्थी मान हलवली. कशाला हलवली, ते त्यांनाही पुढे कधी सांगता आलं नाही.

शुक्रवारी सकाळी त्यांनी शैलाबाई, सून जान्हवी आणि चिऊ तिघींना धारच्या बसमध्ये बसवलं. हवापालट, असं सांगितलं. जान्हवी बसच्या खिडकीतून त्यांच्याकडे पाहत राहिली. नवऱ्याच्या रात्रभरच्या येरझारांवरून तिला काय कळलं होतं कोण जाणे.

मग अरविंद गॅलरीत बसले. खाली नळकोंडाळ्यावर बायका हंडे भरत होत्या. एकजण दुसरीला सांगत होती, पोराला अजून ताप आहे, नारळपाणी देतेय. अरविंदना ओरडायचं होतं. ते बसून राहिले. पाइप बंद झाला होता खरा, पण गेले चार महिने जे खाली गेलं ते तिथेच होतं, आणि पंप ते रोज वर खेचत होता. शनिवारही तसाच गेला. स्वतःपुरतं पाणी ते बाजारातून आणत. पिशवी झाकून आणत.

रविवारी दहाच्या सुमारास जमुनाबाई गेल्याची बातमी आली. मृतदेह घरी आणला. त्यांना आंघोळ घालायला कुणीतरी बोअरच्या पाण्याची बादली भरून आणली, तेव्हा अरविंद उठले. जिना उतरून पंपाच्या खोलीत गेले, स्टार्टरचे तिन्ही फ्यूज काढले आणि खिशात घातले.

सोसायटीचा सेक्रेटरी अजेय धावत आला. "काका, क्या कर रहे हो? लोक जमलेत, पाणी पाहिजे."

"हे पाणी कुणी तोंडात घालू नका. भांडीसुद्धा धुऊ नका," अरविंद म्हणाले. "यात तांबं आहे. मला गुरुवारपासून माहीत आहे."

'गुरुवारपासून' हा शब्द ऐकून अजेयने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती सहन न होऊन अरविंदनी खाली पाहिलं. भोवती माणसं गोळा झाली. जमुनाबाईंची मुलगी दाराशी उभी होती.

जमुनाबाई पाण्याने गेल्या की वयाने, हे डॉक्टरांना शेवटपर्यंत नक्की सांगता आलं नाही. सोमवारी प्रदूषण मंडळाचे दोघे आले. त्यांनी बोअरला टाळं लावलं, बाटल्या भरल्या, चिकटपट्ट्या लावल्या. अजेयच्या घरात टेबल मांडून जबाब घेतले. अरविंदनी सगळं सांगितलं, पाइप कुठे शिरतो तेही. अभिषेक सकाळपासून फोन उचलत नव्हता.

"शेडच्या मालकाचं पूरं नाम?" लिहून घेणाऱ्याने मान वर न करता विचारलं.

"अभिषेक अरविंद निघोजकर."

त्याने अर्धं लिहिलं आणि थांबला. कागदावर वर लिहिलेल्या जबाब देणाऱ्याच्या नावाकडे पाहिलं, मग पुढचं लिहिलं.

निघताना अजेयने त्या दोघांना विचारलं, की बोअर किती दिवस बंद ठेवायचा, आणि पलीकडच्या वस्तीचे, शाळेचे बोअर आहेत त्यांचं काय. त्यांनी सांगितलं, रिपोर्ट यायला पंधरा दिवस लागतील. जमिनीखाली ते कुठवर गेलंय, हे त्याआधी कुणीच सांगू शकत नाही. नंतरही, कदाचित, नाही.