तिरक्या कोपऱ्याचे चार थर

सातवी वीटही रेघ सोडून भलतीकडेच फुटली. नवऱ्याने इकडेतिकडे बघितलं आणि तुकडे पायाने वाळूत ढकलले. मी घमेलं घेऊन मागेच उभी होते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

घरमालकीण काकूंना मागच्या बाजूला एक खोली वाढवून हवी होती. शेजारची बोळ आडवी येत असल्याने खोलीचा एक कोपरा तिरका घ्यायचा होता. काटकोन काय, कुणीही बांधतं. तिरक्या कोपऱ्याला प्रत्येक थरात वीट मापाने तोडावी लागते आणि खालचा सांधा वरच्या विटेने झाकावा लागतो. नाहीतर दोन भिंती नुसत्या शेजारी उभ्या राहतात, एकमेकींना धरत नाहीत. ठेकेदाराने कालच बजावलं होतं, "मिस्त्री, उद्या चारला येतो. कोपरा जमला नाही तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." वर्षभर नवऱ्याचा उजवा हात थरथरत होता. तीस वर्षं ज्या हाताची मिजास मी सोसली, त्यानेच दगा दिला.

दुपारपर्यंत त्याने चार थर चढवले. मी वाकून बघितलं. वीट तुटेना म्हणून त्याने अख्ख्याच विटा लावल्या होत्या आणि मधली फट मालाने लिंपली होती. सांधा खालपासून वरपर्यंत सरळ.

"हे काय केलंत?"

"गिलाव्यात झाकून जाईल."

"आणि भिंत फाटली म्हणजे? काकूंच्या सासूबाईंची खाट इथंच यायचीय."

"मग काय करू?" तो म्हणाला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

असलंच खोटं काम केलं म्हणून त्याने एकदा सख्ख्या भावाला कामावरून हाकललं होतं. मी पहार घेतली आणि चारही थर पाडले. मग त्याच्या हातातली माल थापायची करणी काढून घेतली. आमच्या धंद्यात बाईने माल कालवायचा, विटा वाहायच्या; करणीला हात लावायचा नाही. पण बघायला कुणाची बंदी होती? इतकी वर्षं मी बघतच होते.

"मनगट सैल सोड," तो म्हणाला. "आधी चारी बाजूंनी रेघ मार. मग एकच घाव."

"माहितीये."

"माहितीये तर घाबरतेस कशाला?"

पहिल्या दोन विटा मीही फोडल्या. तिसरी रेघेवर तुटली. तो कोनाचा लाकडी फर्मा धरायचा, मी वीट बसवून ओळंबा सोडायची आणि तो डोळे बारीक करून "केसभर आत" म्हणायचा. इतक्या गोडीने आम्ही घरी कधी बोललो नसू.

चारला ठेकेदार आला. त्याने फर्मा लावला, ओळंबा सोडला, सांध्यांवरून बोट फिरवलं.

"मिस्त्री, हात अजून शाबूत आहे तुमचा."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात नवरा म्हणाला, "मी नाही, हिनं बांधलाय."

ठेकेदार हसला. गप्प बसा, म्हणून मी डोळ्यांनी विनवत होते. नवऱ्याने हात पुढे करून दाखवला. ठेकेदाराचं हसू गेलं.

"माझं राहू द्या साहेब. पुढचं काम हिला द्या. मी बाजूला उभं राहून सांगेन."

"बाईच्या हातात करणी देऊ? अहो, काकूच मला हाकलतील." मग खाली बघत तो म्हणाला, "उद्या दुसरा मिस्त्री येईल. वहिनी, तुम्ही या. माल द्यायला माणूस लागेलच."

वाटेत मी नवऱ्याला नाही नाही ते बोलले. "गप्प राहिला असतात तर काय बिघडलं असतं?"

"मग? जन्मभर मला झाकत बसली असतीस?"

"बसले असते," मी म्हणाले. आणि खरंच बसले असते.

सकाळी तो माझ्याआधी तयार होता. हत्यारांची पिशवी खुंटीलाच होती.

"तुम्ही कुठं निघालात?"

"घमेल्याला दोन्ही हात लावता येतात," तो म्हणाला.

नवा मिस्त्री आमच्या जावयापेक्षाही लहान. माझ्या कोपऱ्याला दोरी बांधून त्याने पुढचा थर सुरू केला. नवऱ्याने तिकडे पाहिलंही नाही. तो डोक्यावर फडक्याची चुंबळ बसवत होता. ती काही केल्या बसेना, शेवटी मी नीट करून दिली.

"बाबा, माल आणा," नवा मिस्त्री मान वर न करता म्हणाला.

मी उठणार, तोच नवऱ्याने घमेलं डोक्यावर घेतलं.

"आलो मिस्त्री," तो म्हणाला.