खिशातलं बूच

बॅलीकेरनच्या होडी क्लबात वीस वर्षं एकच कायदा चालत आला होता, आणि तो फिंटन हर्ले मास्तरांचा. शिडाची होडी पाण्यात लोटायच्या आधी तिच्या मागच्या, साचलेलं पाणी काढायच्या भोकाचं बूच घट्ट पिळायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचं, "बूच लागलं!" ओरडलं नाही तर होडी उतारावरून पाऊलभर पुढे सरकायची नाही. शाळेतून निवृत्त झाले तरी माणसाची मास्तरकी काही सुटली नव्हती. तरीही जो विसरेल, ज्याच्या होडीच्या पोटात पाणी भरेल, त्याच्या गळ्यात हंगाम संपतानाच्या जेवणाला मुठीएवढं लाकडी बूच दोरीत ओवून घालायचं. वर टाळ्या, शिट्ट्या. मास्तरांच्या गळ्यात ते कधी पडलं नव्हतं, आणि हे ते दरवर्षी कुणाला ना कुणाला ऐकवल्याशिवाय राहत नसत.

त्या वर्षी मे महिन्यात, होड्या खरवडून रंगवायच्या दिवशी, जॅसिंटा क्रोनिन पहिल्यांदा आली. गावातल्या औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची ती.

"मास्तर, आईची शेवटची नऊ वर्षं तिच्या खाटेपाशी काढली," हातात रंगाचा ब्रश घेऊन ती म्हणाली. "आता मला वारा पाहिजे. पण आधीच सांगून ठेवते, मी ढ आहे."

"ढ पोरं मी जन्मभर पाहिली. आपणहून तसं सांगणारं त्यात एकही नव्हतं. चल, तो कोपरा राहिलाय तुझा."

तिच्या आईची हकीगत साऱ्या गावाला ठाऊक होती. छप्पन्नाव्या वर्षी म्हातारीनं बूट ओव्हनमध्ये ठेवायला सुरुवात केली आणि शेवटी शेवटी पोटच्या लेकीला "तुम्ही कोण?" म्हणून विचारत गेली. जॅसिंटा आता पंचावन्नची होती. त्याबद्दल ती अवाक्षर काढत नसे. पण दुकानात गोळ्यांची प्रत्येक डबी गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी दोनदा वाचायची, ते काही उगाच नव्हे.

मंगळवारी संध्याकाळी धडे असत. वारा कुठून येतोय ते गालावर ओळखायचं, शीड केव्हा सैल सोडायचं, होडी उलटली तर तळावर चढून ती कशी सरळ करायची. जॅसिंटा सगळं वहीत लिहून घ्यायची आणि "बूच लागलं!" तर असं ओरडायची की पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकायची. जूनच्या अखेरीस ती एकटी खाडीत तरंगणाऱ्या लाल बोयाला वळसा घालून आली आणि उतारावर लहान पोरीसारखी उड्या मारायला लागली. "मास्तर, बघितलंत? अहो, बघितलंत का?" मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्यांना स्वतः चहा केला.

मग जुलैतला शर्यतींचा शनिवार आला. आजूबाजूच्या गावांतले लोक काठावर जमले होते. जॅसिंटाची ही पहिलीच शर्यत. तिनं बूच पिळलं, ओरडली, कुत्री भुंकली, आणि ती लाइफ जॅकेट आणायला आत गेली. मास्तरांनी जाता जाता तिच्या होडीचं नाक उचललं, तर आत पाणी डुचमळलं. आदल्या दिवसाचं राहिलं असावं. ते काढून टाकावं म्हणून त्यांनी बूच काढलं आणि पाणी गळेपर्यंत खिशात टाकलं. तेवढ्यात क्लबची चिटणीस डिम्फना वरून गरजली, "मास्तर! शर्यतीचा भोंगा वाजत नाहीये! या लवकर, सगळे खोळंबलेत!"

मास्तर धावले. भोंगा वाजला. बूच खिशातच राहिलं.

अर्ध्या तासानं जॅसिंटाची होडी जड झाली, वळेना, आणि भर खाडीत कलंडली. सुरक्षेची मोटरबोट घेऊन मास्तरच गेले. तिला ओढून काठावर आणलं, होडी उपडी केली, आणि डिम्फनानं मागच्या भोकात बोट घालून सगळ्यांना दाखवलं. "बूऽऽच!" काठावर हशाच हशा.

"मी लावलं होतं," जॅसिंटा म्हणाली. तिचे दात कडाकडा वाजत होते. "मी ओरडले होते. मास्तर, मी लावलं होतं ना?"

तिला नाक पुसायला रुमाल द्यावा म्हणून मास्तरांनी खिशात हात घातला, आणि बोटांना ते लागलं.

तेव्हाच बोलायचं होतं! चार शब्दांचं काम. हसले असते लोक आणि विसरले असते. पण वीस वर्षांचा कायदा, परगावची माणसं, समोर उभे असलेले आपले जुने विद्यार्थी. मास्तरांनी रुमाल बाहेर काढला, बूच तसंच राहू दिलं, आणि त्यांच्या तोंडून मास्तरकीचा तो ठेवणीतला आवाज निघाला, "सगळ्यांना तसंच वाटतं, जॅसिंटा. लावलं असं वाटतं. म्हणून तर दुसऱ्यांदा हात लावून बघायचा."

जॅसिंटा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं होकारार्थी मान हलवली.

मंगळवारी ती आली नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. रुसली असेल, येईल, मास्तर मनाशी म्हणत. आली की बाजूला घेऊन सांगू. ऑगस्टमध्ये मुलांचं शिबिर झालं, बुधवारच्या शर्यती झाल्या, बेटापर्यंतची सहल झाली, आणि दर वेळी कुणी "बूच लागलं!" ओरडलं की मास्तर दुसरीकडे बघायचे. दोनदा ते औषधांच्या दुकानाच्या दारापर्यंत गेले. एकदा आत गिऱ्हाईक होतं म्हणून परतले, एकदा नव्हतं म्हणून. ते बूच त्यांनी घरी ड्रॉवरमध्ये ठेवलं, मग तिथेही बघवेना म्हणून कोटाच्या खिशात. कुणी "मास्तर" म्हटलं की आता त्यांना कसंनुसं व्हायचं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होड्या वर ओढून झाकल्या आणि दुपारी सगळे जेवायला जमले. माशांचं दाट सूप, ब्राउन ब्रेड, सफरचंदाचा टार्ट. डिम्फना लाकडी बुचाच्या दोरीची गाठ सोडवत होती.

"जॅसिंटालाच द्यायचंय, पण हसवून हसवून द्यायला हवं," ती हळूच म्हणाली. "बिचारीला मीच ओढून आणलंय. दुकान सोडलं ना तिनं."

"सोडलं? का?"

"घ्या! तुम्हाला माहीतच नाही? सप्टेंबरात किल्ल्या देऊन आली. म्हणते, मी बूच लावल्याचं मला डोळ्यांसमोर दिसतं आणि ते लावलेलं नव्हतं, तर उद्या मी कुणाला भलत्याच गोळ्या देईन. गाडीही चालवत नाही. तपासण्यांना कॉर्क शहरातल्या इस्पितळात जाते बसनं. आईचंच आलं म्हणते नशिबी."

मास्तरांच्या हातातला चमचा सुपात पडला. आपण एका बाईचा नुसता अपमान केला, असं ते तीन महिने समजत होते. त्यांना शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. खिडकीपाशी जॅसिंटा कोट न काढताच बसली होती. ते उठले आणि तिच्यापाशी गेले.

"जरा बाहेर येतेस?"

बाहेर वारा होता, झाकलेल्या होड्यांची कापडं फडफडत होती. मास्तरांनी खिशातून बूच काढून तिच्यापुढे धरलं.

"हे काय?"

"तुझ्या होडीचं. तू लावलं होतंस. मी काढलं. पाणी गळू दे म्हणून. आणि विसरलो."

जॅसिंटानं बूच हातात घेतलं, उलटसुलट केलं. "मी लावलं होतं?"

"लावलं होतंस."

"ओरडले होते?"

"ओरडली होतीस. कुत्रीसुद्धा भुंकली होती."

ती मटकन जवळच्या होडीच्या काठावर बसली आणि रडायला लागली, आणि रडता रडता हसायला. "मी लावलं होतं! देवा, मी लावलं होतं!" मास्तरांना वाटलं, सुटलो. क्षणभरच वाटलं. कारण तिचं हसणं एकदम थांबलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलायला जागा होती. काल सापडलं, कोट झटकताना. जिभेच्या टोकावर आलं होतं.

"त्याच दिवशी. तुला रुमाल दिला तेव्हा."

तिनं बूच मुठीत आवळलं. मग पहिल्यांदाच ती त्यांना एकेरीवर आली.

"मी रात्र रात्र बसून शेजाऱ्यांची नावं वहीत लिहीत होते, फिंटन. विसरायच्या आत. आणि तू मंगळवारी पोरांना धडे देत होतास."

"हो."

"आत जा. तिथं सांग. त्या दिवशी बोलला होतास ना, तेवढ्याच मोठ्या आवाजात."

मास्तर आत गेले. टेबलापाशी उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं. बूच जॅसिंटानं लावलं होतं, मी काढलं, माझ्या खिशात होतं, आणि मी बोललो नाही.

छप्पर उडेल असा हशा झाला. "मास्तर! तुम्ही पण?" "वीस वर्षांनी सापडले बरं का!" डिम्फनानं धावत येऊन लाकडी बूच त्यांच्या गळ्यात घातलं. कुणी पाठ थोपटली. "मन मोठं लागतं हो कबूल करायला!" कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि सगळे उभे राहिले. गळ्यात ते बूच, समोर आपल्याच नावाच्या टाळ्या, आणि मास्तरांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तरी त्यांच्या चेहऱ्यावर आपसूक थोडंसं हसू आलं. जन्माची सवय.

जॅसिंटा दारात उभी होती. ती हसत नव्हती.

"दुकानाचंही सांग," ती म्हणाली.

टाळ्या विरत गेल्या. मास्तरांचं हसू गेलं. त्यांनी मानेवरच्या दोरीला हात लावला, पण ती काढली नाही, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.