'गालिनी' धक्क्याला लागते

पंधरा ऑगस्टला आम्ही किथ्नोस बेट सोडलं तेव्हा वारा पाठीशी होता आणि स्तामातिसचं तोंड बंद होतं. वारा नेहमीचाच होता. स्तामातिसचं बंद तोंड मात्र आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

'गालिनी' ही त्याची शिडाची बोट. लग्नाच्याही आधीपासून तिचं सुकाणू त्याच्याच हातात. वसंतात उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सुकाणू, दोर, शीड सगळंच बंद केलं. पिरेअस बंदरात घरी आल्यावर त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे बोटीच्या मागच्या कठड्याला 'विकणे आहे' अशी पाटी बांधली. त्याच्या बायकोने, देस्पोने, तोवर बोट चालवायचा परवाना काढलेला होता. ती औषधाचं दुकान चालवते.

"मी चालवीन की," ती म्हणाली.

"खोकल्याची बाटली नाहीये ती, हलवली की झालं."

त्यावरून पैज लागली. पंधरा ऑगस्टला, मेरीमातेच्या सणाला, तिने सेरिफोस बेटावर लिवादी बंदराच्या धक्क्याला बोट लावून दाखवायची. देस्पो हे मेरीमातेचंच एक नाव, म्हणून तो तिचा नामदिवसही, वाढदिवसासारखा साजरा होणारा. त्या दिवशी तिथे मुंगीलाही जागा नसते. स्तामातिसने चकार शब्द काढायचा नाही. जमलं तर पाटी उतरेल. नाही जमलं तर सप्टेंबरात एक डच गृहस्थ बोट बघायला येणारच होता. साक्षीला मी आणि झिसिस. झिसिस दातांचा डॉक्टर, पण बोटीवर नांगराचं खातं कायम त्याच्याकडे.

वाटेत देस्पोने शीड असं काही भरून घेतलं की बोट लाटांवरून घसरतच निघाली. उत्तरेचा मेल्तेमी वारा शिट्ट्या घालत होता, पाणी तोंडावर उडत होतं, झिसिस पुढे उभा राहून ओरडत गात होता. देस्पो भिजून चिंब झाली होती आणि हसत होती. स्तामातिस डाव्या हाताने जपमाळेचे मणी फिरवत होता, इतक्या जोरात की वाऱ्यातही ऐकू यावेत.

"बोल ना काहीतरी," मी त्याला डिवचलं.

त्याने मण्यांचा वेग वाढवला.

लिवादीत शिरलो आणि पाहिलं, धक्क्यावर एकच फट उरलेली. एका बाजूला भाड्याच्या बोटीचं मोठं पांढरं धूड, दुसऱ्या बाजूला मच्छीमाराची निळी होडी. डोंगरावरच्या गावाकडून वाऱ्याचे झोत आडवे येत होते. आमच्याकडे बोट मागून लावतात. पुढे नांगर टाकायचा, साखळी सोडत मागे मागे जायचं आणि मागचे दोन दोर धक्क्यावर फेकायचे. त्यामुळे कॉफी पीत बसलेल्या अख्ख्या धक्क्याला आमची पाटी आधी दिसली.

"बाई, विकायला आणलीय की बुडवायला?" निळ्या होडीचा म्हातारा मालक ओरडला. खुर्च्या धक्क्याच्या कडेला सरकल्या. फुकटचा खेळ कोण सोडतो?

"झिसिस, टाक!"

नांगर गेला, साखळी खडखडत सुटली, बोट सरळ मागे निघाली. माझ्या हातात दोर तयार होता. आणि मध्येच साखळी थांबली. बोटीला हिसका बसला, वाऱ्याने तिचं नाक ढकललं आणि आम्ही तिरपे होऊन निळ्या होडीवर चाललो.

"साखळी का थांबवलीस रे?" देस्पो किंचाळली.

"त्याने सांगितलं!"

आम्ही वळून पाहिलं. स्तामातिसचा डावा हात वर होता, मूठ घट्ट आवळलेली. साखळी थांबव, ही त्याची जुनी खूण. झिसिसने ती आजवर कधी मोडली नव्हती. स्तामातिसने मुठीकडे असं पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कुणाची आहे.

देस्पोने इंजिन पुढे रेटलं. होडी वीतभर अंतरावरून सुटली. झिसिसने नांगर वर घेतला तर त्याला निळ्या होडीची साखळी लटकून आलेली.

"माझा नांगर कुठे नेतेस गं!" म्हातारा दोन्ही हात हवेत फेकत होता.

"नाही नेत, बार्बा! आत्ता देते परत!" देस्पोचा आवाज आता वेगळाच होता. "झिसिस, साखळीखालून दोर घाल. बांध वर. आता आपला नांगर खाली सोड. निघाला? मग दोराचं एक टोक सोडून दे."

बार्बाची, म्हणजे म्हाताऱ्या काकाची, साखळी पाण्यात गेली. धक्क्यावरून कुणीतरी शिट्टी वाजवली, कौतुकाची.

देस्पोने बोट पुन्हा बाहेर नेली. मग खाली जाऊन मिठाईचा खोका आणावा असं तिने मला सांगितलं. किथ्नोसहून नामदिवसासाठी घेतलेला, रिबीन बांधलेला. तो तिने नवऱ्याच्या मांडीवर ठेवला.

"दोन्ही हातांनी धर. हात सुटला तर बोट डच माणसाची. आणि झिसिस, मागे वळून बघायचं नाही. फक्त ऐकायचं. माझं."

या वेळी तिने नांगर खूप लांब, वाऱ्याच्या बाजूला टाकला. "सोड, सोड, अजून सोड." झोत आला, नाक हललं, तिने इंजिनाला झटका देऊन ते जागेवर आणलं. मला धक्क्यावरची माणसं दिसू लागली, मग त्यांचे कप, मग कपांतला गाळ. "वाऱ्याकडचा दोर आधी!" मी फेकला. तो झेलला निळ्या होडीच्या म्हाताऱ्यानेच. "झिसिस, आता आवळ!" साखळी ताणली गेली आणि 'गालिनी' धक्क्यापासून हातभर अंतरावर गपकन उभी राहिली.

टाळ्या पडल्या. "शतायुषी हो, कप्तानीण!" म्हातारा म्हणाला. "नाव काय तुझं?"

"देस्पो."

"म्हणजे आज तुझाच दिवस की! मग आमचं तोंड गोड कर."

देस्पोने नवऱ्याकडे हात केला. त्याने खोका दिला. रिबीन सुटलेली होती. आत अर्धीच मिठाई होती.

स्तामातिसचे दोन्ही गाल फुगलेले, मिशीवर पांढरी पिठीसाखर.

"अरे, धर म्हटलं होतं, खा नाही!"

त्याने कसाबसा घास गिळला. "तोंड रिकामं राहिलं असतं ना, तर बोललो असतो," तो म्हणाला. हे त्याचे त्या दिवसातले पहिले शब्द.

मग तो उठला, कठड्याशी गेला आणि डाव्या हाताने पाटीची गाठ सोडू लागला. ओल्या दोराची गाठ, एका हाताने सुटेना. देस्पो दुसऱ्या बाजूने हात घालायला गेली.

"तू नको. मी सोडतो."

आम्ही थांबलो. म्हाताराही थांबला. गाठ सुटल्यावर स्तामातिसने पाटी उलटी केली, कोरी बाजू शर्टाला पुसली, तिच्यावर उरलेली मिठाई मांडली आणि बायकोपुढे धरली.

"आधी बार्बाला," ती म्हणाली. "मी त्याचा नांगर उपटला होता."